दाबाची नथ

"उद्या मी पण येणार तुझ्याबरोबर मिरजेला," सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या आणि माझ्या हातातली वाटी सुटून ओट्यावर आपटली.

"कशाला आई? ऑपरेशनच्या कागदावर एक सही तर करायचीय. ह्यांना घेऊन जाते की."

"जयदीप उद्या कोल्हापूरला चाललाय, तांब्याची तार आणायला. आणि सही घरच्या माणसाची लागतीय म्हणालीस. मग मी काय बाहेरची आहे?"

"तसं नाही हो..."

"तसं नाही तर कसं? नाक माझ्या नथीनं गेलंय तुझं. सही मीच करणार." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि विषय संपवला.

त्यांच्यापुरता तो संपला. माझी मात्र पाचावर धारण बसली. जयसिंगपुरातल्या त्या घरात मी चार वर्षं एक गोष्ट लपवून ठेवली होती, आणि सासूबाई आणि मिरजेचे डॉक्टर मगदूम एका खोलीत बसले की ती बाहेर पडणार हे उघड होतं. ते दोघं एकमेकांना कधी भेटलेले नव्हते. मी भेटू दिलं नव्हतं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं होऊन गेली. मी तेव्हा हायस्कूलवर नववीला विज्ञान शिकवत होते. श्वसनसंस्थेच्या धड्यात नाकाची आकृती फळ्यावर फार सुरेख काढायचे आणि स्वतः तोंडानं श्वास घ्यायचे. डावी नाकपुडी आत बसली होती. श्वास ओढला की ती पिशवीच्या तोंडासारखी मिटायची. दोन जिने चढले की मला वर्गाच्या दारात उभं राहून दम खावा लागायचा, आणि पोरींना वाटायचं, बाई दारात थांबून आपली गंमत बघतात.

नाक असं का झालं, याची घरात एक हकिकत होती आणि मिरजेच्या दवाखान्यात दुसरी. दोन्ही अर्ध्या खऱ्या होत्या. पुरी मला एकटीला ठाऊक होती. म्हणजे मला आणि मम्मीला, पण मम्मी माझीच आई, ती कुठं बोलणार.

माहेर माझं तासगावचं, थोरातांचं. बेदाण्याचा व्यापार. त्या घरात बापाकडून लेकराकडं हमखास जाणारी वस्तू म्हणजे नाक. रुंद, बसकं, टोकाला बटाट्यासारखं गोल. पपांना त्याचा कोण अभिमान! "थोराताचं माणूस जत्रेत हरवायचं नाही," म्हणायचे. पुरुषाला ते शोभूनही जातं. मुलीच्या तोंडावर आलं की पाहुणे पोहे खातात, चहा पितात आणि चार दिवसांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतात. माझी अशी नऊ जणांशी पत्रिका जुळली नाही. नवव्यानंतर मम्मीनं पपांशी आठ दिवस भांडण काढलं आणि लोकांना मावशीकडं राहायला नेते असं सांगून मला मिरजेला नेलं.

डॉक्टर श्रेणिक मगदूम तेव्हा नुकते मुंबईहून शिकून आले होते. त्यांचं काम म्हणजे भाजलेले हात, कडबा कापायच्या यंत्रात सापडलेली बोटं, जन्मतः फाटलेले ओठ. नुसतं चांगलं दिसावं म्हणून नाक करून घ्यायला आलेली मी दुसरीच. एकोणीस मार्चला त्यांनी ऑपरेशन केलं, आणि घरी सोडताना बजावलं, "तीन महिने नाकाला काही लागू द्यायचं नाही. चष्मा नाही, पालथं झोपणं नाही, काही म्हणजे काही नाही."

नाक झालं मात्र देखणं. सरळ, टोकाला निमुळतं. मी येता-जाता आरशात बघायचे आणि ओळखीचं कुणी भेटल्यासारखं हसायचे. महिन्याभरात इंगवल्यांचं स्थळ आलं. जयदीपचं जयसिंगपुरात पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. बोलायला कमी, पण बघताना थेट बघणारा. ही पत्रिका एका दिवसात जुळली. त्याच्या आजोबांची तब्येत तोळामासा होती, म्हणून जवळचाच मुहूर्त धरला, नऊ मे. मी बोटांवर मोजलं. एकावन्न दिवस होत होते.

"लग्नात काय कुणी नाकाला हात लावतंय होय?" मम्मी म्हणाली.

लावला. सुनेला पहिली नथ सासूनं आपल्या हातानं घालायची, अशी इंगवल्यांची पद्धत होती. नथ पिढीजात, टपोऱ्या मोत्यांची, चांगली वजनदार. माझं नाक टोचलेलं नाही हे बघण्याच्या कार्यक्रमातच सासूबाईंनी हेरलं होतं, म्हणून सोनाराकडून तिला मुद्दाम दाब बसवून आणला होता. लग्नाच्या सकाळी त्या माझ्यासमोर बसल्या, हनुवटी वर केली आणि दाब चिमटीत धरून आवळला. "घट्ट असू दे. अक्षता पडताना निसटली म्हणजे अपशकुन नको." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भोवतीच्या बायका म्हणाल्या, माहेर सुटतंय ना, यायचंच.

नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं नाक त्या दिवशी सकाळपासून वरातीपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाच्या आरतीपर्यंत दाबलेलं होतं, पण तोंड काही उघडलं नाही.

चौथ्या दिवशी नाक सुजून लाल झालं, आत पू झाला, ताप भरला. माहेरच्या ओळखीचे डॉक्टर आहेत म्हणून मम्मीनं मला मिरजेला पळवलं. मगदूमांनी विचारलं, "काही लागलं? दाबलं गेलं?" मी मम्मीकडं बघितलं. मम्मी म्हणाली, "छे हो, आपोआपच सुजलं." त्यांनी पू काढला, ताप उतरवला. नाकपुडी मात्र बसली ती बसलीच.

अशा त्या दोन हकिकती. सासरी ठाऊक की चांगल्या नाकाला नथ चावली. दवाखान्यात ठाऊक की डॉक्टरांनी नाकातली कूर्चा, म्हणजे ते मऊ हाड, गरजेपेक्षा जास्त काढली. दोन्हीकडं अपराधी ठरलेला होता आणि दोन्हीकडं मी बिचारी होते. बिचारं असण्यात सुख असतं, हे मी नाकारत नाही. सासूबाई मला चार वर्षांत एकदाही टाकून बोलल्या नव्हत्या. शेजारच्या सुना माझा हेवा करायच्या.

जयदीप मात्र बोलला होता, मला नव्हे, त्यांना. मी तापानं फणफणत असताना माजघरात उभा राहून तो आईला म्हणाला होता, "तुमच्या मोठेपणापायी माझ्या बायकोचं नाक गेलं." तेव्हापासून मायलेकांत कामापुरतं बोलणं. जेवायला चला, बिल भरलं का, एवढंच. सासरे नोकरीला परगावी असायचे, मी या दोघांना वाढायचे.

आणि आता मगदूम बेळगावला कायमचे जाणार होते. जायच्या आधी मला बोलावून त्यांनी सांगितलं होतं, "तुमचं नाक दुरुस्त केल्याशिवाय मी मिरज सोडणार नाही. कानामागची कूर्चा घेऊन नाकपुडीला आधार देतो. होतं तसं सुरेख नाक परत देतो. एक पैसा घेणार नाही." मग म्हणाले, "तुमच्यानंतर मी नाकाचं ऑपरेशन केलेलं नाही. येतात लोक, पण हात धजत नाही."

हे ऐकूनही मी गप्प होते. मम्मी फोनवर म्हणाली, "करतोय तर करून घे. आणि तोंड मिटून घे." गुरुवार ठरला. डॉक्टरांना मी विनवलं की माझं पहिलं ऑपरेशन सासरी माहीत नाही, तेवढं काढू नका. ते बरं म्हणाले. नथीचं काय करायचं हे माझं मला उमगत नव्हतं. सोमवारी सही करायला जयदीपला न्यावं, तो बोलत नाही, निभावून जाईल, असा माझा हिशेब होता.

सोमवारी एस.टी.त सासूबाई खिडकीशी बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत डॉक्टरांसाठी घरच्या तुपातल्या बेसनाच्या लाडवांचा डबा. मी शेवटचा प्रयत्न केला.

"आई, डॉक्टर फार घाईत असतात. जास्त बोललेलं त्यांना चालत नाही. तुम्ही नुसती सही करा."

"मी काय भाषण करणार आहे होय?"

"नथीचं वगैरे काढू नका. झालं गेलं."

त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. "तू माझी बाजू सांभाळतीस, कळतंय मला. चार वर्षं सांभाळलीस. जयदीपपेक्षा तू बरी." आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मिरज येईपर्यंत तो तिथंच होता. मला खिडकीबाहेर बघायचं होतं, पण खिडकीशी त्या होत्या.

दवाखान्यात मी आधी एकटीनं आत शिरायची खटपट केली. सिस्टर म्हणाल्या, "दोघी एकदमच जा, पेशंट खोळंबलेत." सासूबाई माझ्याआधी उठल्या आणि माझ्याआधी आत गेल्या.

डॉक्टर उभे राहिले. "या मावशी, बसा." त्यांनी माझी फाइल समोर ओढली, माझ्याकडं बघितलं आणि शब्द तोलून मापून म्हणाले, "आधी एक सांगतो. यांच्या नाकाचं जे झालंय त्यात माझ्याकडून कमी पडलं. ते मला भरून काढायचंय."

"तुमच्याकडून?" सासूबाईंनी लाडवांचा डबा टेबलावर ठेवला. "असं कसं म्हणता? तुम्ही तर वाचवलं पोरीला. कमी माझ्याकडून पडलं. माझी नथ."

"कसली नथ?"

"हिनं सांगितलं नाही? नाहीच सांगणार. लग्नात मी दाबाची नथ घातली हिला. चांगली आवळून. दोन दिवस होती. त्यानं तर सगळं झालं."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "लग्न कधीचं, मावशी?"

"नऊ मे. चार वर्षं झाली की आता."

त्यांनी फाइलचं पहिलं पान उलटलं. तिथं एकोणीस मार्च लिहिलेलं होतं, मला उलट्या बाजूनंही दिसत होतं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. चार वर्षं ज्या चुकीसाठी त्यांचा हात धजत नव्हता ती त्यांची नव्हती, हे त्यांना त्या क्षणी कळलं. एका वाक्यात ते मोकळे होऊ शकत होते. मी त्या वाक्याची वाट बघत बसले.

त्यांनी फाइल मिटली.

"मावशी," ते म्हणाले, "नथीनं असं होत नसतं. तुमच्या नथीचा काही दोष नाही."

"उगाच माझी समजूत काढू नका, डॉक्टर."

"समजूत नाही. खरंच सांगतो."

"मी काय कुकुलं बाळ आहे? माझ्या डोळ्यांसमोर झालंय. माझ्या पोटच्या पोरानं मला बोल लावला आणि तो खोटा नव्हता." त्यांचा आवाज चढला नाही, पण पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या. "हे बघा. माझं नाक बघा. पंचवीस वर्षं चमकी होती इथं. हिचं नाक गेलं त्या दिवशी काढून देवापुढं ठेवली. म्हटलं, हिचं नीट होईतो माझ्या नाकात काही घालायचं नाही. आता भोकसुद्धा बुजलंय. सवाष्ण बाई मी, हळदीकुंकवाला चारचौघी विचारतात, इंदुमतीबाई, नाक मोकळं का? मी सांगते, खाज सुटतीय. तर तुम्ही तेवढं नीट करा हिचं. बाकी मला काही नको."

मी त्यांच्या नाकाकडं बघितलं. रोज बघत होते. चार वर्षं रोज त्यांच्यासमोर बसून जेवले होते आणि मला वाटायचं, हरवली असेल चमकी, नवी घ्यायचा कंटाळा करत असतील. मी विज्ञान शिकवते, निरीक्षण हा पहिला धडा असतो. लाज वाटली म्हणजे काय होतं ते मला त्या खुर्चीत नीट समजलं. कान तापतात आणि हात गार पडतात.

डॉक्टर अजून माझ्याकडं बघत होते. रागानं नव्हे. एखादा माणूस रस्ता सोडून बाजूला उभा राहतो आणि आपल्याला पुढं जाऊ देतो, तसे.

"आई," मी म्हणाले, "नाक आधीच कापलेलं होतं."

"काय?"

"लग्नाआधी एकावन्न दिवस. ह्या डॉक्टरांनीच ऑपरेशन केलं होतं. माझं नाक पपांसारखं होतं, ते बारीक करून घेतलं. तीन महिने काही लावायचं नाही म्हणून ह्यांनी बजावलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नथ घातली नसती. मी सांगितलं नाही. आणि ह्यांना नथीचं सांगितलं नाही."

एवढं बोलायला मला चार वर्षं लागली होती आणि बोलून व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही. बाहेर सिस्टर कुणाला तरी नाव विचारत होत्या.

"मी दाब आवळत होते," सासूबाई हळू म्हणाल्या, "तेव्हा तू गप्प बसलीस."

"हो."

"जयदीप मला बोलला, तेव्हा तू आतल्या खोलीत होतीस. ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"जयदीपला हे ठाऊक आहे?"

"नाही."

"मग आधी त्याला सांग. सहीबिही नंतर." त्या उठल्या, पिशवी घेतली आणि बाहेर गेल्या. डबा टेबलावर राहिला.

डॉक्टर आपले तळहात बघत बसले. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर मला चाललं असतं. ते म्हणाले, "गुरुवारचं रद्द करतो."

"तुम्ही रागावलात."

"रागावलोय. पण ते कारण नाही." त्यांनी फाइल पुन्हा उघडली, आणि आता त्यांचा आवाज बदलला, कामाचा झाला. "मी तुम्हाला होतं तसं निमुळतं नाक देतो म्हणालो होतो. ते मला म्हणायलाच नको होतं. चूक माझी आहे असं वाटत होतं म्हणून मी ती पूर्ण पुसायला निघालो होतो. तेवढी कूर्चा तुमच्या नाकात उरलेली नाही. ओढून ताणून केलं तर पुन्हा बसेल. श्वास हवा असेल तर आधार जाड घालावा लागेल आणि नाक रुंद होईल. टोकाला गोल. पहिल्यासारखं नाही, पण त्याच्या जवळपास. नको असेल तर आहे तसं राहू द्या, त्यानं जिवाला धोका नाही. मी महिनाअखेर इथं आहे. विचार करून कळवा."

परतीच्या एस.टी.त सासूबाई दुसऱ्या बाकावर बसल्या.

संध्याकाळी जयदीप कोल्हापूरहून दुकानात जाऊन घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो हात धुवत होता, ग्रीसचे. धुवायचा थांबला नाही. माझं सांगून झालं तरी नळ चालूच होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी आईला जे बोललो ते..."

"हो."

"आणि तू बोलू दिलंस."

तो ओल्या हातानंच माजघरात गेला. आत काय झालं मला माहीत नाही. मी भाजी ढवळत राहिले. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. मला म्हणाला, "आपण नवरा-बायकोचं नंतर बघू. नाकाचं तुझं तू ठरव." आणि दोन दिवस तो दुकानातच जेवला.

मम्मीनं फोनवर कपाळ बडवून घेतलं. "सोन्यासारखी सासू घालवलीस!" म्हणाली. पपांनी तिच्या हातातून फोन घेतला, नाक रुंद होणार एवढंच ऐकलं आणि खाकरून म्हणाले, "थोराताचं परत येतंय म्हणायचं." त्या आठवड्यात मी तेवढी एकदाच हसले.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. कुणी काही म्हणेचना. आतापर्यंत माझं ऑपरेशन सगळ्यांना हवं होतं. डॉक्टरांना डाग धुवायला, सासूबाईंना नवस फेडायला, मम्मीला झाकपाक करायला. आता कुणालाच त्याची गरज उरली नव्हती. सासूबाई माझ्याशी बोलत, पण कसं, तर "दूध तापव", "दार लाव". उन्हात वाळत घातलेले पापड मी वेळेवर उचलले नाहीत तेव्हा त्या म्हणाल्या, "लक्ष कुठं असतं तुझं?" चार वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

मी रोज आरशासमोर उभी राहायचे. बसक्या नाकपुडीचं ते निमुळतं नाक उजव्या बाजूनं अजून देखणं दिसायचं. फोटोला मी उजवीच बाजू द्यायचे. ते गेलं की गेलं. नऊ पाहुणे मला आठवायचे, एकेकाच्या पोह्यांसकट. पुन्हा तसलं नाक घेऊन जयदीपसमोर उभं राहायचं, तेही आत्ता, तो बोलत नसताना? राहू दे आहे तसं, असं मी दोन वेळा ठरवलं. मग एकदा उगाचच डाव्या गालावर बोट ठेवून गाल बाजूला ओढला. नाकपुडी उघडली. भस्सकन हवा आत गेली, थेट खोलवर, गार. मी बोट काढलं, हवा बंद. ठेवलं, हवा आली. शाळेत जायची वेळ टळून गेली तरी मी गाल धरून उभी होते.

त्या दुपारी मी शाळेतूनच डॉक्टरांना फोन केला. "रुंद चालेल," मी म्हणाले. "श्वास द्या."

जयदीपला सांगितलं. तो म्हणाला, "सही कधी करायचीय?" आणि त्या दिवशी घरी जेवला. सासूबाई वाढत होत्या, त्यांनी ऐकलं आणि वाढत राहिल्या. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी पाया पडले तर म्हणाल्या, "हं." निघताना त्या देवघरात होत्या, बाहेर आल्या नाहीत. रिक्षात मी एकदा मागं वळून बघितलं, जयदीपनं ते बघितलं.

शुद्धीवर आले तेव्हा दुपार कलली होती. नाकावर प्लॅस्टर, नाकात बोळे, कानामागं पट्टी, तोंड कोरडं ठाक. जयदीप औषधं आणायला खाली गेला होता. खाटेशेजारच्या स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. एकट्या एस.टी.नं आल्या होत्या, पायांवर रस्त्याची धूळ होती. कधीच्या बसल्या होत्या कोण जाणे. त्या माझ्याकडं बघत होत्या, नाकाकडं नाही, डोळ्यांकडं.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

मी सवयीनं मान हलवली, नाही म्हणून.

त्या हलल्या नाहीत. "आता तरी खरं सांगतीस का," म्हणाल्या.

"दुखतंय," मी म्हणाले. बोळ्यांमुळं आवाज कुणा भलत्याचाच वाटला. "खूप दुखतंय, आई."

त्यांनी मान डोलावली. मग उठल्या आणि दाराशी जाऊन सिस्टरना हाक मारली.